मग

कागदोपत्री मी मुग्धा.
डंडीला आले, बॅडमिंटनच्या संघात शिरले,
आणि पहिल्याच आठवड्यात झाले मग.
चहाचा असतो तो. कान असलेला.
मास म्हणाला, हे सोपं पडतं.
मी म्हटलं, आमच्याकडे या शब्दापुढे काहीतरी घडावं लागतं,
नुसतं 'मग' म्हणून माणसाला थांबता येत नाही.

मे महिना. अमरावतीत डांबर चपलेला चिकटत असेल,
इथे तिसऱ्या मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात हीटर चालू,
पहाटेचे पाच, आणि ताय नदीवर केव्हाच उजाडलेलं,
कुणाचं काही ऐकून न घेता.
बँकॉकला भारत-डेन्मार्क, सेमीफायनल.
लॅपटॉप टोस्टरवर टेकवलेला.
पैज: करपल्या भाताचं पातेलं,
गुरुवारपासून सिंकमध्ये भिजत पडलेलं.
ज्याचा देश हरेल त्यानं घासायचं.

रिझ्की सुराबायाचा. त्याचा इंडोनेशिया परवाच गेला, आमच्याच हातून.
तरी म्हणाला, आशिया एक आहे, आणि माझ्या बाजूला बसला.
दुसऱ्या मॅचच्या मध्यावर त्याला परवाचं आठवलं,
तो शेंगदाण्यांची वाटी घेऊन पलीकडे गेला.
इओनाचा देश या फेरीत नव्हताच.
"आम्ही आमचं हरणं लवकर उरकतो," ती म्हणाली,
आणि इंग्लंड खेळत नसल्यामुळे
नेमकं कुणाच्या विरुद्ध असावं
हे तिला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मास माझा मिश्र दुहेरीतला जोडीदार.
त्याचा बॅकहँड कुठे कच्चा ते मला झोपेत माहीत,
माझा धीर कितव्या गुणाला सुटतो ते त्याला.
आज तो टेबलापलीकडे, लाल टीशर्टात.
माझा निळा, धुऊन धुऊन आभाळी झालेला.
"तुमचे लोक फार वेळा शटल बदलून मागतात."
"तुमचे घाम पुसायला रजा काढतात."
दोन-दोन.

शेवटची दुहेरी, तिसरा गेम, एकोणीस-एकोणीस.
आमच्या पोरानं मारलेलं शटल मागच्या रेषेजवळ पडलं,
आत की बाहेर, रिव्ह्यू घेतला,
टोस्टरसकट आम्ही सगळे गप्प.
तेवढ्यात मला दिसला त्यांचा तो उंच गडी,
गुडघ्याला काळी टेप, हुबेहूब मासला आहे तशी.
मासची मीच लावून दिली होती, बुधवारी, बाकावर बसवून.
याला कुणी लावली असेल?
एवढंच मनात आलं. लगेच मी पुन्हा देशाची झाले.

बाहेर. केसभर.
पुढचा गुणही गेला.

मास नाचला नाही. निदान टेबलावर तरी नाही.
मीच शिकवलेलं वाक्य, कोपनहेगनच्या जिभेनं:
"जाऊ दे नं बे."
रिझ्की हसता हसता शेंगदाणा अडकून खोकला.
फोनवर बाबा, हार्डवेअरच्या दुकानातून, भर दुपारी:
हरलो काय वं?
मी लिहिलं, हो. त्यांनी लिहिलं, जेवून घे.

पातेलं घासायला घेतलं.
मास शेजारी येऊन उभा राहिला. मदत केली नाही,
पैज म्हणजे पैज.
नळाचं पाणी गरम येतंय ना,
एवढं बोटानं बघून गेला.
निम्मंच निघालं होतं तेव्हा खाली बस वाजली.

दुपारी स्टर्लिंगचा हॉल, छताला कबुतरं,
समोरची जोडी आमच्याहून तरुण आणि न जागलेली.
तिसरा गेम. पुन्हा तोच आकडा,
एकोणीस-एकोणीस,
माझ्या नखांत अजून करपल्या भाताचा वास.
मास सर्व्हिसला उभा राहिला, माझ्या पाठीमागे,
आणि हळूच म्हणाला,
"मग?"

नाव होतं की प्रश्न,
विचारायला वेळ नव्हता.